रहांगडाले साहेबांचं शेवटचं घरकुल

रहांगडाले साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जमिनीवर उताणे पडलेले होते. केशोरीच्या वाटेवरच्या एका गावात, अर्ध्या बांधलेल्या घरात, डोक्याखाली दुमडलेली छत्री, छातीवर हात, डोळे मिटलेले. भिंती खिडकीच्या वरपर्यंत आल्या होत्या. छत नव्हतं, त्यामुळे ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडत होतं. मी नोकरीवर नुकतीच रुजू झाले होते. मला वाटलं, यांना चक्कर आली. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पण हाक कशी मारावी ते सुचेना, म्हणून बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. मिस्त्री मात्र शांतपणे विटा रचत होता.

थोड्या वेळाने डोळे न उघडताच ते म्हणाले, "कोण होय?"

"सर, मी नवीन इंजिनियर."

"बरं. मंग तू तिकडच्या कोपऱ्यात पड."

मी पडले नाही, कोपऱ्यात नुसती बसले. त्यांनी पडल्या पडल्याच समजावून सांगितलं, "हे पाह्य, येथी नवरा-बायको झोपतीन, दोन पोट्टे झोपतीन अन् एक बुढी. बुढी दाराजवळ झोपते, तिले राती उठा लागते. आता दार आतमंधी उघडलं तं कोणाच्या डोक्याले लागन?"

"आजीच्या."

"मिस्त्री, ऐकलं का गा? दार बाहेर उघडलं पाहिजे."

"साहेब, दार तं आतमंधीच उघडते," मिस्त्री म्हणाला.

"तुझ्या घरी उघडत असन. येथी बुढी हाय."

रहांगडाले साहेब पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते आणि तालुक्यातल्या घरकुलांचं काम त्यांच्याकडे होतं. घरकुलाचा बराचसा पैसा केंद्राचा, उरलेला राज्याचा. तो थेट घर बांधणाऱ्याच्या खात्यात जातो, पण एकदम नाही. जोतं झालं की एक हप्ता, भिंती वर आल्या की दुसरा, छत घातलं की पुढचा, असा. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी जाऊन, ज्याचं घर त्याला घरासमोर उभं करून फोनवर फोटो काढायचा असतो. तो फोटो काढणारी कंत्राटी इंजिनियर म्हणजे मी. फोटोत माणूस आणि घर दोन्ही दिसलं की काम झालं, असं मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. साहेबांना ते पुरत नसे. ते प्रत्येक घरात एकदा आडवे होत. "घर उभ्यानं नाही समजत, बाई," ते म्हणत.

आमच्याकडे मुलीला बाई म्हणतात. ते मला पहिल्या दिवसापासून बाई म्हणू लागले आणि माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. मी गोंदियातच वाढले. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि तिन्ही भाषांत मी कमीच बोलायचे. ऑफिसातल्या लोकांना याचा त्रास व्हायचा. साहेबांना झाला नाही. त्यांना दोघांचं मिळून एकट्यानंच बोलायची सवय होती.

ते पोवार. पूर्वज माळव्यातून आलेले, आणि हे ते नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. "आम्ही माळव्याचे." स्वतः ते बालाघाट आणि रायपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार असले की आदल्या दिवशी केस काळे करून येत, आणि कानाच्या पाळीवर काळा डाग राहून जाई. कुत्र्यांना फार घाबरत. गावात शिरताना गाडीवर दोन्ही पाय वर घेऊन बसत आणि कुत्र्याशी हिंदीत बोलत, "जाओ भाई, जाओ." फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत की आमचा शिपाई म्हणायचा, साहेबांना फोनची गरज काय.

"लाभार्थी" हा शब्द त्यांना आवडत नसे. आमच्या सगळ्या कागदांवर तोच होता. मी एकदा एका बाईंना "लाभार्थी, इकडे बघा," असं म्हटलं. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मालकीण म्हण. घर तिचं होय, आपण फोटोवाले." तेव्हापासून मी मालकीण म्हणायला लागले. बायका आधी लाजत, मग पदर नीट करून ताठ उभ्या राहत. फोटो खरंच चांगले यायला लागले.

चहाचा त्यांचा एक नियम होता. घर पूर्ण होईपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचा नाही, फक्त पाणी. पूर्ण झालं की दोन कप घेत, आणि साखर कमी असेल तर तसं सांगत. एका घरी मात्र त्यांनी तो दोन कपांचा चहा अर्ध्यावर सोडला. त्या घराचा शेवटचा फोटो मीच काढला होता. नंतर आम्ही सहज तिकडून जात होतो, तर नव्या घराला कुलूप, आणि घरचे सगळे मागच्या जुन्या मातीच्या घरात. मालकानं चहा आणला. साहेबांनी एक कप संपवला, दुसरा हातात घेऊन नव्या घराच्या खिडकीतून आत डोकावले. आत छतापर्यंत धानाची पोती होती.

"हे का होय?"

"साहेब, तेथी उंदीर नाई शिरत," मालक मनापासून म्हणाला. "लय मजबूत बांधलं तुमी."

"अन् तुम्ही?"

"आमाले का उंदीर खाते?"

साहेब रस्ताभर हसत होते. ऑफिसच्या फाटकाशी उतरताना मात्र म्हणाले, "बाई, आपण दिल्लीच्या पैशानं गोदाम बांधून राहिलो." त्यानंतर किती तरी दिवस ते झालेल्या घरांच्या खिडक्यांतून डोकावत फिरले. पोती दिसली की खाली मान घालून परत येत. त्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं. त्यांना काय हवंय ते ते बोलून दाखवत नव्हते, पण ते मला दिसत होतं. जिथे माणसं खरोखर राहायला जातील असं एक तरी घर त्यांना जाण्याआधी बघायचं होतं.

त्याच हिवाळ्यात फुलवंताबाईंचं घरकुल मंजूर झालं.

फुलवंताबाई गोंड. नवरा वारलेला, थोडी धानाची बांधी, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. घराची मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती आणि तिला एका लाकडाचा टेकू होता. ते घर पुढचा पावसाळा काढणार नाही हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता. जागा तेवढीच, म्हणजे जुनं पाडल्याशिवाय नवं उभं राहणार नव्हतं. आणि मार्चअखेर काम सुरू झालं नाही तर मंजुरी रद्द होणार होती. नाव एकदा निघालं की परत कधी लागेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

"घर पाडा लागते, फुलवंताबाई," साहेब म्हणाले.

"पाडतो ना. मले का शौक आहे पडक्यात राहाचा? पण देव कुठी जाईल?"

आत एक लहानशी अंधारी खोली होती. फुलवंताबाईंच्या सासरच्या कुळाचे देव तिथे होते. आम्ही ते पाहिले नाहीत. बाहेरच्यांनी त्या खोलीत जायचं नव्हतं, आणि ते फुलवंताबाईंनी अगदी साधेपणानं सांगितलं.

"तोवर ग्रामपंचायतीत ठेवू," साहेब म्हणाले. "खोली आहे, कुलूप आहे."

"कपाटात ठेवता? फायलीच्या बाजूले?" फुलवंताबाईंनी विचारलं.

आठवडाभर विचार करून त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू शकले असते. पुढच्या खेपेला ते बाजाराच्या गावातून एका पंडितांना गाडीवर मागे बसवून घेऊन आले. सोबत नारळ, उदबत्ती, लाल कापड. साहेबांच्या घरी देव हलवायचा म्हणजे पूजा घालायची, मग देव हलतो. हे सगळीकडे असंच असणार यात त्यांना शंका नव्हती. फुलवंताबाईंनी पंडितांना मानानं खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि मग विचारलं, "महाराज, आमच्या देवाचं नाव मालूम आहे का तुमाले?"

पंडितांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"अन् मंग देवानं मले विचारलं, हा कोण होय, तं मी का सांगू?" फुलवंताबाई म्हणाल्या. "पंचायत समितीतून आला म्हणू?"

आधी शेजारणी हसल्या, मग फुलवंताबाई, मग पंडितजीसुद्धा. साहेब लाल झाले. पण त्यांची एक गोष्ट मला आवडायची. लाजून झालं की ते लगेच विचारत. "मंग तुमचा देव कोण हलवते?"

"माहे भासरे. दुसरं कोणी नाई."

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, दसरूजी. ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चोरखमाऱ्याच्या तलावाखाली बायकोच्या माहेरी शेती करून राहत होते. भाऊ वारल्यापासून येणं-जाणं तुटलं होतं. आणि फुलवंताबाई त्यांना बोलवायला तयार नव्हत्या. "त्याईनं मले विचारलं का, कशी जगून राहिली म्हणून?"

रविवारी आम्ही दोघं गोंदियाला घरी असायचो. त्या रविवारी सकाळी साहेबांचा फोन आला. मी फोन कानापासून दूर धरला. "बाई, तुझी स्कूटी चालू आहे ना?"

कुडव्याला त्यांच्या घराजवळून त्यांना मागे बसवलं. ऊन लागतं म्हणून त्यांनी छत्री उघडली. तिरोड्याच्या रस्त्यावर वारं भरून ती छत्री गाडीला मागे ओढत होती. मला सांगवेना. शेवटी एका ट्रकनं बाजूनं जाऊन ती उलटी केली, तेव्हा कुठे ती मिटली.

दसरूजी उन्हाळी धानाला पाणी देत होते. आम्हाला पाहून त्यांनी काम थांबवलं नाही. साहेब धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहिले आणि आपलं म्हणणं सांगितलं.

"ती नाई आली? सरकारले धाडलं?" दसरूजींनी विचारलं.

"तिनं नाही धाडलं. मीच आलो. ही पोरगी गाडी चालवते."

"देवाचं विचाराचं असन तं ती येईल. तुमचं काम नोहे." त्यांनी फावड्यानं पाण्याची वाट फिरवली. "अन् नवं खाल्ल्याबिगर देव जागा सोडत नाई."

नवं खाणं म्हणजे नव्या धानाचा पहिला भात. तो आधी देवाला, मग कुळातली माणसं एकत्र बसून खातात. ते पार पावसाळ्याच्या शेवटी. इकडे मार्च संपत आला होता.

"तोपर्यंत घर हातचं जाते, दसरूजी."

"जाऊ द्या. देव गेला तं का करान?"

साहेब भांडतील असं मला वाटलं. मिस्त्र्यांशी ते याहून लहान गोष्टीवर भांडत. ते खाली धुऱ्यावर बसले आणि म्हणाले, "देवाची खोली तशीच ठेवली तं? भिंतीले हात नाही लावला, बाकी पाडलं अन् बाजूनं घर बांधलं, तं नव्याले येता का?"

"आज म्हनता ठेवतो. उद्या मशीन आनता."

"मी आहो तोवर नाही."

"तुमी कवापर्यंत आहा?"

"जूनपर्यंत," साहेब म्हणाले.

दसरूजी पहिल्यांदा हसले. "नवं तं भादव्यात येते, साहेब."

"मंग ही आहे."

दसरूजींनी मला नीट पाहून घेतलं. माझं कंत्राट दर वर्षी नव्यानं व्हायचं.

"हे तं बोलतच नाई."

"म्हणूनच सांगून राहिलो," साहेब म्हणाले. "बोलणाऱ्यायचा भरवसा नसते."

परत येऊन त्यांनी फुलवंताबाईंना एवढंच सांगितलं की विचारायला तुम्हालाच जावं लागेल. त्यांनी तोंड फिरवलं. पण दोन दिवसांनी त्या एकट्या एसटीनं गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. आल्यावर म्हणाल्या, "येतो म्हनले. बांधा."

मी नकाशा काढला. घर आडवं फिरवलं, दार रस्त्याकडून काढून बाजूच्या बोळात नेलं, देवाची खोली मागच्या अंगणात तशीच राहिली. नव्या घरातल्या एका कोपऱ्यात फुलवंताबाईंनी फरशी घालू दिली नाही. तिथे माती हवी होती. साहेबांनी मिस्त्र्याला त्याचं कारण विचारू दिलं नाही.

आढावा बैठकीत बीडीओ साहेबांनी पडद्यावर जोत्याचा फोटो पाहिला. "मागे हे जुनं घर दिसतंय."

"ते घर नाही, सर. देवाची खोली आहे."

"रहांगडाले, जुनं बांधकाम उभं असेल तर घर पूर्ण धरता येत नाही."

"त्या खोलीले मंजुरी आपण दिली नव्हती, सर. पाडाचा हुकूम आपण कसा देऊ? भादव्यात तेच पाडतीन."

"तुम्ही जूनमध्ये जाताय. लेखी देता?"

त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं, "उशीर झाल्यास जबाबदारी माझी." बाहेर आल्यावर बाबू म्हणाला, "साहेब, पेन्शन अडकन. जाता जाता कायले झंझट घेता?"

"जाता जाताच घेता येते बावा. आधी घेतली असती तं बदली झाली असती."

पावसाआधी नव्या घराचं छत झालं. साहेब निरोप समारंभाला शाल अंगावर घेऊन उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "फुलवंताबाईची खोली भादव्यापर्यंत कोणी पाडू नका." बसले. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटलं ही त्यांची नातेवाईक असावी.

त्यांच्या जागी आलेले अधिकारी तरुण होते, कामाचे होते, आणि त्यांना राहिलेली घरं लवकर संपवायची होती. पाऊस जोरात असताना त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, हे एवढं एक का अडकलंय? ती खोली पाडायला सांगा, फोटो टाका, संपलं."

"भादव्यात पाडतील, सर."

"भादव्यात म्हणजे कोणत्या तारखेला?"

मला तारीख माहीत नव्हती. "नवं खाल्ल्यावर," मी म्हणाले, "त्याआधी मी फोटो काढणार नाही." इतकं लांब वाक्य त्यांनी माझ्याकडून ऐकलं नव्हतं. मग "बरं" म्हणाले आणि पुढच्या कागदाकडे वळले.

पाऊस मोठा झाला की साहेबांचा फोन यायचा. नमस्कार नाही, काही नाही. "भिंत आहे ना?" फुलवंताबाईंनी त्या खोलीवर ताडपत्री बांधली होती आणि स्वतः अजून तिथेच, खोलीच्या तोंडाशी झोपत होत्या. नवं घर रिकामं होतं. मी खिडकीतून पाहिलं. पोती नव्हती, पण माणूसही नव्हतं. साहेबांना मी फक्त भिंतीचं सांगितलं.

नव्याच्या दिवशी आम्हा दोघांना निरोप होता. साहेब गाडीनं आले, पांढरा इस्त्रीचा शर्ट, कानावर ताजा काळा डाग. आम्ही पोचलो तेव्हा देव नव्या घरात हलवून झाले होते. ते कधी, कसे, हे आम्ही विचारलं नाही. रिकाम्या खोलीच्या छपराची कवेलू उतरवून अंगणात रचली होती आणि दसरूजी स्वतः लोखंडी सबल घेऊन त्या भिंतीपाशी उभे होते. त्यांनी पहिला घाव घातला. भिंत जुनी होती, फार वेळ लागला नाही. माती खाली बसल्यावर मी फुलवंताबाईंना घरासमोर उभं केलं आणि फोटो काढला. मागे आता नुसतं आकाश होतं.

साहेब त्यानंतर मुलाकडे रायपूरला राहायला गेले. अधूनमधून फोन येतो, पण मी त्यांना पाहिलं ते त्याच दिवशी शेवटचं.

फोटो झाल्यावर ते नेहमीसारखे दाराकडे निघाले. चपला काढल्या, एक पाय पायरीवर ठेवला. आतून भाताचा आणि धुराचा वास येत होता, कुळातली लहान मुलं भांडत होती, दसरूजींचा खोकला ऐकू येत होता. फुलवंताबाई दारात आल्या आणि चौकटीला दोन्ही हात लावून उभ्या राहिल्या.

"आतमंधी नोका येऊ, साहेब. आज आमचंच आहे."

साहेब थांबले. मग पाय खाली घेतला आणि वाकून चपला घातल्या. सरळ झाले तेव्हा ते इतके खूश दिसत होते की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"ऐकलं का, बाई?" ते मला म्हणाले. "येऊ नोका म्हणते."

बोळात भिंतीच्या सावलीला त्यांना एक पाट टाकून दिला आणि पळसाच्या पानावर त्यांचा वाटा बाहेर आला. मला दुसऱ्या गावात एक जोतं बघायचं होतं, म्हणून मी आधी निघाले. वळणावरून मागे पाहिलं. दार आतून लोटलेलं होतं. साहेब त्याच्याकडे पाठ करून बसले होते, मांडीवर पान, आणि समोर बसलेल्या एका कुत्र्याला हिंदीत समजावत जेवत होते.